पाच नोंदी आणि कलम चार

३ फेब्रुवारी, सोमवार
विद्यापीठांतल्या कॅटलॉगरांनो! कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर बसेल हे आपण ठरवतो, आणि प्राध्यापकांच्या सीनियर कॉमन रूममध्ये आपल्याच बुडाला खुर्ची नाही!
भाषणाची सुरुवात जमली. लेक्चररचा दर्जा मिळाल्याशिवाय थांबायचं नाही. सिनेटला निवेदन दिलं. कलम चार: पदव्युत्तर पदवी नसलेल्याने कॅटलॉगिंगला हात लावू नये.
आंटी आराबांकडे डिप्लोमाच आहे. बावीस वर्षं ग्रंथालयाच्या याच विभागात, माझ्या हाताखाली. पण कलम त्यांच्याविरुद्ध नाही. तत्त्वासाठी आहे.

५ फेब्रुवारी
सिनेटच्या समितीला माझ्या हातच्या पाच मूळ नोंदी हव्यात. परदेशी कॅटलॉगवरून उतरवलेल्या चालणार नाहीत. (मग गेली नऊ वर्षं मी काय केलं? असो.) आमच्याकडे अंत्यविधीत वाटतात त्या पुस्तिकांचा गठ्ठा पडलाय: मयताचा फोटो, चरित्र, नातवंडांची यादी. त्यांची नोंद जगात कुणीच केलेली नसणार. उद्यापासून रोज एक.

६ फेब्रुवारी
एक केली. आंटींनी पाहिली आणि म्हणाल्या, साहेब, मेला एकच माणूस, तुम्ही चौघांना पुरलंत.
जन्मवारावरून पडलेलं नाव, बाप्तिस्म्याचं, शाळेतलं, आणि गावचा मुखिया म्हणून गादीवर बसल्यावरचं. मला चार माणसं वाटली. आंटींनी डब्यातला वाच्ये, म्हणजे चवळीभात, खाता खाता मयताच्या भाचीला फोन लावला, तिच्या आईची चौकशी केली, आणि पाच मिनिटांत नोंद सरळ केली.
माझी पद्धत जास्त शास्त्रीय होती.

११ फेब्रुवारी
पाच नोंदी पाठवल्या. पाचही आंटींच्या. खाली सही माझी. विभागाचं काम विभागप्रमुखाच्या सहीने जातं, त्यात गैर काय?
दुपारी आंटींनी डब्यातला केंके, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा उकडलेला गोळा, मिरचीच्या ठेच्यासकट पुढे केला. साहेब, वाळलात, खा, म्हणाल्या. घशाखाली उतरेना. मिरची जास्त असावी.

२० फेब्रुवारी
उद्या आंटींना सांगायचं. पक्कं.

२१ फेब्रुवारी
त्या आज फार आनंदात होत्या. आनंदातल्या माणसाला काय सांगायचं!

२४ फेब्रुवारी
आज उदास होत्या. उदास माणसाला तर नाहीच.

३ मार्च
निवेदन मंजूर, कलम चारसकट. पाच नोंदींत 'असामान्य विद्वत्ता' दिसली म्हणे. कॉमन रूममध्ये खुर्ची मिळाली. इतिहासाच्या प्राध्यापकांनी विचारलं, चार नावांचा माणूस एकच हे कसं हो ओळखलंत? अनुभव, मी म्हणालो. टाळ्या पडल्या.
बाहेर येऊन हात धुतले. दोनदा.

४ मार्च
आंटींची बदली खाली दारापाशी, विद्यार्थ्यांच्या बॅगा ठेवतात त्या काउंटरवर. निघताना म्हणाल्या, बरंच झालं साहेब, बॅगेला नाव एकच असतं.
वरिष्ठांशी बोलणार. सोमवारी नक्की.

१४ मार्च
सोमवारी वरिष्ठ होते. मला सर्दी होती.
दहा दिवसांत झालेल्या नोंदी: शून्य. एक पुस्तिका घेऊन खाली गेलो, सहज. आंटी म्हणाल्या, इथे बॅगा घेतो साहेब. कागदाला हात लावायची पदवी आहे का माझ्याकडे? तुम्हीच लिहिलंत ना? रांगेतल्या मुली हसल्या. तसंच परतणं बरं दिसेना, म्हणून बॅग ठेवून टोकन घेतलं.

१७ मार्च, दुपारी ३.१०
नोटीस आली. कलम चार कायम होण्याआधी त्यावर हरकत घ्यायची मुदत आज पाचपर्यंत, रजिस्ट्रारच्या ऑफिसात. एक ओळ पुरेल: त्या पाच नोंदी आराबा क्वेगिर यांच्या आहेत. कलम पडेल, आंटी वर येतील. माझी खुर्ची जाईल, जाऊ दे. झोप तरी लागेल.

३.४०
लिहायला बसलो. एका ओळीत विषयाला न्याय मिळणार नाही. व्यवसायाचा इतिहास यायला हवा.

४.४५
चौथं पान. लेखणी पेटलीय.

५.२०
सात पानं. रजिस्ट्रारचं ऑफिस बंद. पण शेवट असा साधलाय की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा:
"मित्रांनो, दुसऱ्याच्या कामाखाली तुमची सही असेल, तर सबबी सांगू नका. उठा, आणि आज पाचच्या आत ती खोडा!"