माझ्या फोल्डरचं कुलूप

२ मार्च, सकाळ
लिहायला बसलो की आधी सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी, ही जुनी सवय. हिचे गुडघे? कुरकुर चालू. सूनबाईचा खोकला? गेला. नातीचा दात? पडला एकदाचा. ताईची कंबर? ठाऊक नाही. चार महिने बोलणं बंद. घरच्या वेबसाइटवर तिचे फोटो आडवे पडले, तर सगळ्यांसमोर म्हणाली, उथळ पाण्याला खळखळाट फार. आता तिनेच आधी बोलावं.
आजपासून रोजनिशी आपल्याच सर्व्हरवर, वेगळ्या फोल्डरात. लिंक फोटोंच्या पानावरच, मला सोपं जावं म्हणून. पासवर्ड लावला की पोटातलं ओठावर आणायला मोकळा.

३ मार्च
मॅन्युअल वाचून कुलपाची फाईल स्वतः लिहिली. फोल्डरात ठेवली. उघडून पाहिलं. पासवर्ड न विचारता आत घेतलं. मालकाला ओळखतं! हिला दाखवलं. ती म्हणाली, मग चोरालाही ओळखत असेल. दुर्लक्ष केलं.

५ मार्च, दुपार
खालच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या फोनवरून तपासलं. त्यालाही विचारलं नाही. कारण उघड आहे. वायफाय माझंच वापरतो, म्हणजे घरातलाच धरला. तरी चैन पडेना. पासवर्ड सहा अक्षरांचा होता, बावीस अक्षरांचा केला. आता मुंगी शिरायची नाही.

६ मार्च
जेवताना तीनदा उठून बघितलं. अजून मी सरळ आत. असो, बंदोबस्त चोख आहे, म्हणून खरं लिहितो. फोटो आडवे होतेच. ताईचं चुकलं नव्हतं. रविवारी फोन वाजला की तिचाच असेल म्हणून अजून मीच धावतो. हे कुणाला कळता कामा नये.

८ मार्च
सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांच्या तंत्रज्ञाला फोन. बिघाड तुमच्याकडे आहे, हे सौम्य शब्दांत सांगितलं. तो म्हणाला, "काका, कुलूप छान आहे. पण फोल्डरातली कुलपं मानायचीच नाहीत, अशी ओळ तुमच्या सेटिंगमध्ये आहे. दार पहिल्या दिवसापासून सताड उघडं."
ओळ कुणी लिहिली, विचारलं. गेल्या वर्षी मीच. साइट भरभर चालावी म्हणून.
बदलली. लगेच पासवर्ड मागितला. बावीस अक्षरं चौथ्या दमात जमली. मधल्या दिवसांत वाचायला कोण येणार? तिकडे चिटपाखरू फिरकत नाही.

९ मार्च
ताईचा ईमेल. फोटो सरळ झाले का, बघायला रोज येते म्हणे. पुढे लिहिलंय, "कंबर बरी आहे. रविवारी फोन करणार होते, पण तू धावताना पडशील म्हणून थांबले. कालपासून मेलं पासवर्ड मागतंय. माझं पुढचं वाचायचं राहिलं."
कुलूप काढलं.
ताई, फोटो आज सरळ करायला घेतले. तिसऱ्यात झाडावर चढलेली तू की मी, ते आडव्यात कळत नाही. दोन ओळी लगेच टाक, तोवर तो तसाच ठेवतो.