मडक्यातली पकड

१२ मार्च
आलो एकदाचा करकेना बेटावर! बोटीचे मालक शादलीकाका धक्क्यावरच भेटले. नाव विचारलं आणि माझे हात उलटसुलट करून म्हणाले, अरे मुंजी, हे हात मासेमाराचे की न्हाव्याचे? काकूंनी ऑक्टोपस घातलेला कुसकुस वाढला, मी अक्षरशः हादडला. 'बुडत्या बोटीतून वाचलेला तो' म्हणून इथे मला कोणी ओळखत नाही. पाच महिन्यांनी आज पोटभर जेवलो.

१४ मार्च
काम शिकलो. मडकी दोरीला बांधून तळाशी सोडायची. आत आमिष वगैरे काही नाही. ऑक्टोपस जीव वाचवायला आडोसा शोधतो आणि आपणहून आत शिरतो. वर ओढलं तरी बाहेर येत नाही. मग हात घालून एकेक भुजा सोडवायची. तिसरी सोडवेपर्यंत पहिली पुन्हा चिकटते. जित्याची खोड बाबा, म्हणून काका हसले. मला हसू आलं नाही. नौफलची बोटं मी अशीच सोडवली होती.

लिहिलं शेवटी. नौफल माझा मावसभाऊ. बोट बुडाली तेव्हा धरायला एकच रिकामा डबा होता, आणि त्याला दोघांचा भार पेलेना. सगळ्यांना मी सांगितलं की त्यानेच हात सोडला, माझ्यासाठी. ते ऐकून मावशीने माझ्या कपाळाचा मुका घेतला. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. माय मरो, मावशी उरो म्हणतात ते उगाच नाही. आणि मी तिला... शी!

१९ मार्च
आज एका मडक्यात अंड्यांवर बसलेली मादी निघाली. अशी मादी काही खात नाही, अंड्यांवर पाणी फुंकत राहते आणि पिल्लं निघाली की मरते. काका म्हणाले, हिचं मडकं परत सोडायचं, बापजाद्यांची रीत आहे. मी हात लावला तरी ती हलेना. गेले पाच महिने स्वतःला समजावतोय की जिवावर बेतलं की माणूसही जनावरच, त्यात पाप कसलं? आणि हे जनावर माझ्याकडे टक लावून बघत होतं. काकांची पाठ वळली तसं मी मडकं बोटीच्या काठावर आपटून फोडलं. हातातून निसटलं म्हणून सांगितलं. पुन्हा खोटं. स्वतःची किळस येते.

२२ मार्च
मडकी रिकामी. एकात हात घातला तर आतून कोणीतरी मनगट धरलं. हिसडून सुटलो. ऑक्टोपसच्या पकडीचे वळ गोल ठिपक्यांचे असतात. हे पाच आहेत, लांबट. काकांनी ते बघितले आणि विचारलं, मडकं खरंच निसटलं होतं का रे? हो म्हणालो.

२५ मार्च
मावशी आली! नौफलचं लोकरी जाकीट माझ्यासाठी घेऊन. वळ बघून म्हणाली, रस्ता ओलांडताना नौफल अस्संच घट्ट धरायचा रे. मान वर करवेना. उद्या तिला सगळं सांगणार. उद्या नक्की.

२६ मार्च, सकाळ
नाही सांगितलं. तोंड उघडलं आणि म्हणालो, जाकीट छान बसलं. थू माझ्या जिण्यावर!

दुपार
काकांना ताप, म्हणून एकटाच आलो बोट घेऊन. शेवटच्या मडक्यात उजवा हात — धरलाय. डाव्या हाताने लिहितोय. खालून दोरी ताणली जातेय. बोट कलतेय. मध्ये मध्ये सोडवतोय — एक सुटलं, दुसरं — तिसऱ्यापर्यंत पहिलं पुन्हा —

कबूल! नौफलने हात सोडला नव्हता. मी सोडवला. पाचही बोटं.

मावशी किनाऱ्यावर दिसतेय. पाणी उथळ, चालत येईल. बोटीपाशी मात्र एकदम खोल, आणि तिला पोहता येत नाही. आली तर हात देईल, आणि मी तिच्यावर चढून — ओळखतो मी मला. हाक मारायची नाही. ओठ चावून धरलेत.

हाक मारली.

उतरली ती. छातीपर्यंत पाणी. रडू नको बाळा, आले, म्हणतेय. मावशी, मागे फिर — हे फक्त लिहितोय. ओरडतोय ते, लवकर ये —

तिने हात पुढे केलाय. मी तो