डिंभ्याच्या विहिरीचं पाणी

४ मे १९०६, शुक्रवार. जुन्नर
उद्याच्या शनिवारचा दिवा लावला, प्रार्थना म्हटली. एकट्यानंच! रेवदंड्याला आज आमचं घर भरलेलं असेल. या तालुक्यात आमच्यातला मीच एक. लोक विचारतात, "इस्रायली म्हंजे कोण? बामन का मुसलमान?" शनिवार पाळणारे, म्हटलं की मान डोलावतात. कळलेलं काही नसतं. घरमालक अजीजभाई तेवढे रोज विचारतात — डॉक्टर, जेवलात का?

८ मे
डिंभे गावात पटकीची साथ. रोज मयत.
गोरे मोठे डॉक्टर दौऱ्यावर आले. तिथल्या विहिरीत लाल औषध टाकायचं काम मला दिलं, आणि हसले — "ज्यू आणि विहीर! आमच्याकडे तुला जाळलं असतं."
मला काही कळेना. विचारलं तर सहज सांगत गेले. साडेपाचशे वर्षांपूर्वी युरोपात प्लेग आला. ज्यूंनी विहिरीत विष घातलं अशी आवई उठली. बायकापोरांसकट जाळले!
"पण साहेब, आम्हीच का?"
"येशूला तुम्ही मारलंत, असं पाद्री शेकडो वर्षं सांगत आले होते. राग तयारच होता."
रशियात अजून घरं लुटतात, माणसं मारतात म्हणे.
आम्हांला इथं कधी कुणी उणा शब्द बोललं नाही. हे सांगू तरी कुणाला? ज्यू हा शब्दच इथं कुणाला ठाऊक नाही.

९ मे
दिवसभर तेच डोक्यात.

१० मे
डिंभे. औषध पडलं, पाणी लाल झालं — आणि गाव धावून आलं! पुढे भिमाजी पाटील, हातात काठी. "सरकारनं इख धाडलंय!" माझी जात त्यांच्या गावीही नाही. तरी साहेबांचं बोलणं कानात.
साळुबाईचा लेक परवाच पटकीनं गेला. ती पुढं आली. "इख न्हाई ना? मंग तूच पी आदी!"
औषध रात्रभर मुरावं लागतं; तोवर पाण्यात पटकी तशीच. पण थांबा म्हटलं असतं तर गावानं विहीर कायमची टाकली असती.
प्यालो. तांब्याभर.
पाटलांची काठी खाली आली. "उद्यापास्नं आमी बी पितो, डागदर."

१२ मे, शनिवार
पहाटेपासून जुलाब, उलट्या. पायांत गोळे. हात चालत नाही.
अजीजभाईंना बजावलंय — मी गेलो तर डिंभ्याला कळू देऊ नका. विहीर टाकतील. सांगा, डॉक्टरांची बदली झाली.