तलावाकाठचा जुना पत्ता

तलाव चौकी,
कोजागिरीनंतरचा मंगळवार

प्रिय अंकुर,

मागच्या दाराच्या पायरीवर बसून लिहितेय. तलाव भरलाय, सांडव्यावरून पातळ पाणी जातंय. तू असताना दिसायचा तसाच दिसतो. फरक एवढाच, की तो आता आपल्या पाटबंधारे खात्याचा राहिला नाही. बांधाच्या भिंतीपासून सांडव्यापर्यंतचा सगळा काठ सरकारने गावच्या नगर परिषदेच्या नावे केला. तिथे बाग होणार, फिरायला वाट होणार, म्हाताऱ्यांसाठी बाकं येणार. आपलं घर, ही चौकी, त्या वाटेतच येतं.

तुला ठाऊक नसेल, बाबा गेले त्याला आता सात वर्षं होतील. त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर मला घेतलं. तलावाची चौकीदार झाले म्हणून घर सुटलं नाही. बंडू, तुझ्याच वर्गातला, भिंतीच्या टोकाला त्याची चहाची टपरी आहे, तो अजून मला "चौकीदारीनबाई, रामराम" म्हणून चिडवतो. सुरुवातीला राग यायचा. आता चहात साखर कमी टाक म्हणते नि पुढे जाते.

काठाची मोजणी झाली तेव्हा नगर परिषदेच्या माणसांना सगळं दाखवत मीच फिरले. ही पाण्याची हद्द, हे कडुलिंब, हा पंप, ही चौकी. सांडव्याजवळ आल्यावर त्यांच्यातला एक पोरगा थबकला. "बाई, इथंच दिसते म्हणे ना, चौकीदाराचा पोरगा?" त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं मी कोण. गावात तू भूत होऊन बसला आहेस, अंकुर. दिवेलागणीला सांडव्यावर पाय सोडून बसतोस. शिंगाडे काढणाऱ्या चतुराबाईने तुला पाहिलंय, ओल्या केसांचा, पाठमोरा. पोरं पाण्याकडे धावली की बाया ओरडतात, "जाऊ नोको तिकडं, अंकुर धरते." तुझं नाव असं रोज ऐकायचं आणि कपडे वाळत घालायचे, एवढी बारा वर्षं मी हेच केलं.

तू नाहीसा झालास त्या सकाळी सांडव्यावर तुझ्या चपला होत्या आणि सदरा, घडी करून. तू कधी कशाची घडी केली नव्हतीस. आदल्या संध्याकाळी बाबांनी टपरीपुढे चारचौघांत तुझ्या कानाखाली मारली होती, न विचारता खात्याची नाव नेलीस म्हणून. मग त्याच नावेत बसून ते तुला शोधत राहिले. अमरावतीहून पाणबुडे आले, परत गेले. बाबा मात्र दोराला लोखंडी आकडा बांधून पाण्याचा तळ चाळायचे. एक दिवस दोर तुटला आणि आकडाही पाण्यात गेला. नाव ओढून त्यांनी काठाला पालथी घातली आणि त्यानंतर तलावाकडे तोंड करून बसले नाहीत. जेवायला बसतानासुद्धा भिंतीकडे वळून बसायचे.

आईचं निराळं होतं. नातेवाईक म्हणायचे, बारा वर्षं वाट पाहायची असते, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा, म्हणजे गेलेला सुटतो. मोठी आत्या, पार्वताबाई, दर दिवाळीला हा विषय काढायची. आई ताट सारून उठायची. "पानं जाळू नोका. माहा पोरगा जिता हाय." शब्दाला पक्की. पण त्या दिवसापासून तिने नळाचं पाणी तोंडाला लावलं नाही. नळाला तलावाचंच पाणी येतं ना. आपला सगळा मुलूख खारपाणपट्टा, विहीर खोदा नाहीतर बोअर मारा, पाणी खारट. गावात गोड पाणी काय ते या तलावाचं. आई हातपंपाचं खारं पाणी प्यायची, त्यातच स्वयंपाक करायची. डाळ शिजता शिजायची नाही, चहा बेचव व्हायचा. विकतच्या जारचं आणलं तर विचारायची, "हे कुठचं हाय?" तेही तलावाचंच. माणूस जिवंत आहे म्हणायचं आणि त्या पाण्याला शिवायचं नाही, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. बाबांनीही नाही. घरात आम्ही तिघं होतो आणि तिघांच्या मध्ये एक भरलेला तलाव.

मागच्या थंडीत तिचे पाय सुजले. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासण्या पाहून मला बाहेर बोलावलं. किडन्या चालल्यात, म्हणाले, खारं पाणी आजपासून बंद. मी घरी येऊन सांगितलं, हात जोडले, ओरडलेसुद्धा. आई म्हणाली, "मंग तहानंनं मरतो." अकोल्याला चल म्हटलं तर चौकी सोडायला तयार नाही. "थो आला तं कुठं जाईन?" आणि त्याच महिन्यात जमिनीचा आदेश आला. चौकी रिकामी करायची, आणि काठ ताब्यात देण्याआधी तलाव पूर्ण उपसून गाळ काढायचा. बाबांच्या आधीपासून कधी तो तळापर्यंत रिकामा झाला नव्हता.

पाणी सोडायचं चाक चौकीदाराच्या ताब्यात असतं. ते मीच फिरवलं. जंग चढला होता, दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. पाणी उतरत गेलं, दिवसेंदिवस. आधी काठाचा चिखल, मग बाभळीची खोडं, मग गणपतींच्या उरलेल्या चौरंगांचा ढीग. गावाला टँकर लागले आणि लोक टँकरपेक्षा तळ बघायला जास्त आले. सगळे एकच गोष्ट शोधत होते. बंडूने टपरी बंद ठेवली. मी रात्री झोपले नाही, कारण पाण्याचा आवाज बंद झाला होता आणि त्या शांततेत घराच्या भोवती कोणीतरी चालल्यासारखं वाटायचं.

जेसीबी उतरला त्या दिवशी आई काठी घेऊन तळात गेली. भेगाळलेल्या चिखलावर अनवाणी. मी अडवलं नाही. जेसीबीवाला चिखलदऱ्याकडचा, परका माणूस, त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येक खोरं हळू उचलायचा, आईसमोर धरायचा आणि तिने मान हलवली की मगच ट्रॉलीत टाकायचा. ठेकेदार कुरकुरला तर म्हणाला, "माताजी देख रही है, देखने दो." सगळा उन्हाळा आई डोक्यावर ओला पदर घेऊन गाळ पाहत राहिली. सायकलची रिंग निघाली, पाणी भरायचा पितळी गुंड निघाला, कोणाच्या तरी हंड्याचं बूड. सांडव्याजवळच्या खोल डोहात सगळ्यात शेवटी एक आकडा निघाला, गंजून बोटाएवढा झालेला. बाबांचा. आईने तो पदराने पुसला आणि तिथेच बसून रडली. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

मग उठून माझ्याकडे आली. "पाह्य वं दामिने. नाई थो अठी गाळात."

मला माहीत आहे, इतक्या वर्षांत गाळात काय उरतं आणि काय नाही. पण त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा तुझा राग आला. बुडालेल्या भावावर रागावता येत नाही. घडी करून सदरा ठेवणाऱ्यावर येतं. बाबा भिंतीकडे तोंड करून जेवत होते तेव्हा तू कुठे जेवत होतास, हे मला विचारायचं आहे. आणि तू नसशीलच, तर मग मी हे कोणाला लिहितेय, हेही विचारायचं आहे. पार्वताबाईला मी फोन करून सांगितलं, पानं जाळायची नाहीत. ती म्हणाली, "तुमी मायलेकी येड्या हात." असू.

तलाव भरला. नळाला पाणी आलं, थोडं गढूळ, मग नितळ. काल सामान बांधून झाल्यावर आई मोरीत गेली, नळाखाली पेला धरला आणि उभ्यानेच प्याली. मी दारात होते. तोंड पुसत म्हणाली, "गोड हाय." जणू शेजारणीकडचं लोणचं चाखलं.

उद्या मी किल्ल्या नगर परिषदेच्या हातात देणार. परवा घर पाडतील. तू कधी आलास तर इथे बाग असेल आणि आम्ही नसू, एवढ्यासाठी हे पत्र. ते बंडूकडे ठेवतेय; त्याच्या टपरीला बागेच्या फाटकाशी जागा मिळाली आहे. माझी बदली अकोल्याच्या कार्यालयात झाली. डाबकी रोडला, पिठाच्या गिरणीवर, दुसरा मजला, निळं दार. आईने कडी बाहेरून उघडता येईल अशीच बसवून घ्यायला लावली. आज दिवेलागणीला मी सांडव्याकडे पाहिलं, सवयीने. कोणी नव्हतं. मला ते बरं वाटलं आणि वाटलंही नाही. बंडूच्या बाकड्यावर आईने आपला माठ भरून ठेवलाय, रोज ताजं भरायचं त्याच्याकडून वदवून घेतलंय. पत्र वाचलंस की आधी पेलाभर पी, मग गाडी पकड.

तुझीच,
ताई