डाव्या बचावपटूचे नातलग

ती. दान्यालमामा यांस, मार्युनचा आदरपूर्वक नमस्कार.

आपणच केलेला नियम एखाद्याने तंतोतंत पाळला, तर त्याच्यावर चिडायचं कसं? चार वर्षं विद्यापीठात काढूनही मला याचं उत्तर येत नाही, आणि घरात पदवीधर मी एकटीच, त्यामुळे दुसऱ्या कुणाला विचारायचीही सोय नाही. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामी तुम्हाला गोदीतल्या शिड्या चढू देते का? फोनच केला असता, पण आपल्या घराच्या भिंती लाकडी, आणि भिंतीपलीकडे आई विणत बसलेली असते. हल्ली ती विणताना जरा जास्तच लक्ष देऊन ऐकते.

येत्या रविवारी राजधानीत, तोर्शाव्हनला, आपल्या देशाचा एस्टोनियाशी युरो पात्रता फुटबॉल सामना आहे हे तुम्हाला सांगायला नकोच. सामन्याच्या आदल्या आठवड्यात वागुरचं सगळं गाव क्लबच्या हॉलमध्ये जमतं, कॉफी पितं, केक खातं आणि देशाचा संघ निवडतं. (प्रशिक्षकाने तो संघ आजवर एकदाही खेळवलेला नाही. गावाला त्याचं काही वाटत नाही.) या वेळी मासळी कारखान्यातल्या झाकारिसकाकांनी अध्यक्षपद माझ्या गळ्यात घातलं. "एवढी शिकलीस, तर आता आम्हाला आवरून दाखव," असं म्हणाले. मामा, दर वेळी जो तो आपलाच भाचा पुढे ढकलतो, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. म्हणून मी नियम केला: उठून बोलणाऱ्याने आधी त्या खेळाडूशी आपलं नातं जाहीर करायचं, आणि नातं असेल तर गप्प बसायचं. स्वच्छ सार्वजनिक जीवनाची सुरुवात वागुरपासून का होऊ नये, असं छोटंसं भाषणही केलं. टाळी एकच वाजली.

पहिले झाकारिसकाकाच उठले. "गोलरक्षकाबद्दल बोलतो. माझ्या बायकोच्या बहिणीचा मुलगा."

"मग बसा, काका."

"अगं, पण मी त्याच्या विरुद्ध बोलणार होतो!"

"तरी बसा."

मग पाद्रीबाबा उठले. उजव्या बगलेवरच्या पोराला त्यांनीच बाप्तिस्मा दिलेला, ते नातं धरायचं का? मी धरलं. आघाडीपटू निघाला मागच्या तीन रांगांचा मिळून चुलतभाऊ. (पन्नास हजारांचा देश, मामा. हे मला आधी सुचायला हवं होतं, पण विद्यापीठात उदाहरणं मोठ्या देशांची देतात.) अर्ध्या तासात अकरापैकी दहा खेळाडू झाले आणि त्यांच्याबद्दल कुणीही एक वाक्य बोललेलं नव्हतं. हॉलमध्ये फक्त विणकामाच्या सुया वाजत होत्या.

शेवटी राहिली डाव्या बचावपटूची जागा, म्हणजे आपला हॉग्नी की तुमच्या क्लाक्सविकचा तो मुलगा. माझ्या सख्ख्या भावाचा प्रश्न, म्हणून मी अध्यक्ष असूनही तोंडावर हात ठेवून बसले. तेवढ्यात कॉफीच्या टेबलामागून सुसान्नामावशी ओरडल्या, "त्या माशांच्या डॉक्टरला विचारा की! त्याचं इथे कोण आहे?"

सॅल्मनच्या शेतीवरचा इंद्रेक तुम्हाला आठवतो ना? आपल्याकडे रविवारी जेवायला येतो तो. "अहो, पण तो एस्टोनियाचा!" कुणीतरी म्हणालं. "म्हणून तर! त्याला कशाला हॉग्नीचा पुळका येईल?" हे सगळ्यांना पटलं. अशा रीतीने एस्टोनियाविरुद्ध आपला बचावपटू निवडण्यासाठी गावाने एकमताने एक एस्टोनियन नेमला.

इंद्रेक उठला. कानापर्यंत लाल झाला होता. मी खुर्चीतून 'नको, नको' अशी जोरजोरात मान हलवली. त्याला वाटलं, मी धीर देते आहे.

"मला बोलता येणार नाही," तो म्हणाला. "नियम आहे. हॉग्नी माझा होणारा मेहुणा आहे."

हॉग्नीला बहीण एकच. गावाच्या हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. (मामा, खरं सांगते, ती कोण हे क्षणभर मीसुद्धा आठवत होते.) आईच्या सुया थांबल्या. मला वाटलं, आता हॉल एकतर अभिनंदन करेल किंवा कोसळेल. पण झाकारिसकाका उठले आणि त्यांनी विचारलं, "मुलं कुणाकडून खेळणार?"

पुढचा तासभर हॉलने तेवढीच चर्चा केली. माझ्या न जन्मलेल्या मुलांशी अजून कुणाचंच नातं नसल्यामुळे सगळ्यांना बोलायची मोकळीक होती! बापाची उंची पाहता थोरला बचावात हवा, असं पाद्रीबाबांचं मत पडलं. "आणि डावखुरा निघाला तर हॉग्नीच्या जागेचा प्रश्नच मिटला!" असं सुसान्नामावशी म्हणाल्या. मी म्हटलं, मला कुणी विचारलंय का? तर काका म्हणाले, "अध्यक्षांना मत नसतं." प्रसूती वागुरमध्येच व्हावी, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. आई लोकर गोळा करून निघून गेली.

घरी ती एवढंच म्हणाली, "दोन वर्षं माझ्या टेबलाशी बसून त्याने वाळवलेलं मटण खाल्लं. परका माणूस, आणि एकदाही नाक मुरडलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं." तेव्हापासून माझ्याशी अबोला. मी जाऊन इंद्रेकवर ओरडले, तर तो शांतपणे म्हणतो, "नातं लपवायचं नाही, हे तूच सांगितलंस." तो नियम फुटबॉलपुरता होता, मी म्हटलं. "मग बाकी ठिकाणी लपवलेलं चालतं?" त्याने इतक्या साधेपणाने विचारलं की मला रडूच आलं. आई नाही म्हणाली तर मी काय करणार, मामा? दोघांपैकी एकाला बाकावर बसवणं मला जमणार नाही.

गुडघ्याला जपा. मामीला नमस्कार.

तुमची,
मार्युन

ता. क. हॉग्नीपेक्षा तुमच्याकडचा मुलगा जास्त वेगाने पळतो. हे मी बोललेलं नाही.

ता. क. २. खरं काम हे की आई तुमचा शब्द मोडत नाही. शनिवारच्या आत तिला फोन करा, इंद्रेकबद्दल दोन चांगले शब्द बोला, आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न उरकायला हरकत नाही असं तुम्हालाच सुचल्यासारखं सुचवा.

ता. क. ३. पुढच्या उन्हाळ्याचं मात्र काढू नका. परवा रात्री जेवताना आई अखेर बोलली, माझ्याशी नाही, बटाट्यांशी. म्हणाली, "परक्या माणसाला शेजारी बसवून मी सामना बघणार नाही. जावई असता तर गोष्ट वेगळी." आमचे कागद जुलैपासून तयारच होते. काल दुपारच्या सुट्टीत विवाह नोंदणी कचेरीत जाऊन मी त्याला जावई केलं.