गाऱ्हाणं

नारळी पौर्णिमा, १९५८. तारकर्ली

हे मी खरंच केलं? मामंजींचा घसा बसलेला, हे मुंबईला. समुद्रावर गाऱ्हाणं घालायचं कोणी? आमच्याकडे ते पुरुषानेच घालायचं. मामंजींनी नारळ सासूबाईंपुढे धरला, त्या मागे सरल्या. मग माझ्या हातात दिला. "बा देवा महाराजा" म्हणत होड्यांची राखण मागितली आणि थांबले. जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हणून साथ द्यायची, पण कोणी म्हणेचना. नारळ असा जड झाला!

तेवढ्यात मागून एकच आवाज आला, "व्हय महाराजा!" सासूबाई! मग सगळेच म्हणाले. मी नारळ पाण्यात सोडला.

घरी येताना त्या माझ्यावर रागावल्याच. "फुडल्या वर्सा जरा मोठ्यान घाल गो. दर्याक आयकाक येवक होया."