कपाट पुन्हा तपकिरी करताना

१४ मार्च, गुरुवार

प्रिय चिंगी,

अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक आहेत आणि तिकडेही असाल, असं सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिते. तुझे भावोजी ठीक आहेत, काठी सोडून चालतात. आई जेवते, झोपते, गोळ्या थुंकून टाकत नाही. मी ठीक नाही. मी रागावलेय. आणि पत्र एवढ्यासाठी, की फोनवर मी जरा आवाज चढवला की तुझी रेंज लगेच जाते. तेव्हा आता बस आणि शेवटपर्यंत वाच.

दर फोनला तू विचारतेस, "ताई, कपाट कसं दिसतंय? आई खूश आहे ना?" आणि मी दर वेळी "हो, छान" म्हणते. ते खोटं होतं. कपाट भयंकर दिसत होतं आणि आई खूश नव्हती.

भावोजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दवाखान्यात होते आणि तू आठवडाभर आईजवळ राहायला आलीस. त्याबद्दल मी तुझे आभार मानलेत, पुन्हा मानते. पण तू नुकतीच तो जुन्या फर्निचरचा कायापालट करायचा वर्ग करून आली होतीस आणि तुझे हात शिवशिवत होते. माझ्या घरात जुनं म्हणून तुला एकच सापडलं. आईचं कपाट.

मी घरी परतले आणि खोलीच्या दारातच थिजले. गडद तपकिरी कपाट आकाशी झालं होतं. वर पांढरा थर, त्याला डिंक लावून मुद्दाम पाडलेल्या भेगा, दारांवर छापलेली पाखरं. पितळी मुठींच्या जागी चिनीमातीच्या फुलाफुलांच्या. आणि कडा! अगं, आईच्या हाताने त्या कडा आपोआप झिजल्या होत्या. त्या तू आधी रंगाने बुजवल्यास आणि मग त्याच जागी पॉलिश पेपर घासून पुन्हा झिजवल्यास. याला काय म्हणायचं, ते मला अजून कळलेलं नाही. तुझ्या वर्गातल्या बायकांनी फोटो पाहून तुझी वाहवा केली म्हणे. तुझ्या अंगावर मूठभर मांस चढलं असेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आई विसरते, हे तुला माहीत होतं. डॉक्टरांनी आपल्या दोघींना समोर बसवून सांगितलं होतं की तिच्या वापरातल्या वस्तू बदलू नका, तिला त्यांचाच आधार आहे. ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा कॉटच्या काठावर पाहुण्यासारखी बसून असायची. मग तिचं कपाट आलं, तिने कपडे लावायला घेतले आणि त्या दिवसापासून हे घर तिचं झालं. तू समोरच होतीस. तूच म्हणालीस, "ताई, सुटलो गं."

आणि तेच कपाट तू रंगवलंस!

त्यानंतर आईने त्याला हात लावला नाही. "लोकांचं कपाट आहे, आपण कशाला उघडायचं?" म्हणायची. मी उघडून तिचाच स्वेटर काढून दिला तर अंगात घालेना, "कुणाचा आहे तो, ठेवून द्या." त्याच त्या कपड्यांत झोपायची. संध्याकाळ झाली की पिशवी काखेत मारून दाराशी उभी. "यांच्याकडे फार दिवस झाले. मला घरी सोडा." एकदा मी स्वयंपाकघरात असताना जिना उतरून खाली गेली. रस्ता ओलांडून बसस्टॉपवर जाऊन बसली होती. वॉचमनने ओळखलं म्हणून हाताला धरून वर आणलं. नसतं ओळखलं तर? हे तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू तिथून सल्ले दिले असतेस. उंटावरून शेळ्या हाकायला तुझ्यासारखं कुणी नाही.

तर मीही वर्गात नाव घातलं. हस, खुशाल हस. ही साथ आमच्याकडेही आलीय. एका बंद गॅरेजमध्ये भरतो तो वर्ग. सगळीकडे उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, वर्तमानपत्रं, टर्पेंटाइनचा वास. शिकवणाऱ्या बाई आडव्या अंगाच्या, सतत हसणाऱ्या. मी म्हटलं, "मला कपाट होतं तसं करायचंय." त्या म्हणाल्या, "मग रंग खरवडून काढू की!" घरी येऊन त्यांनी एका कोपऱ्यातला रंग काढून पाहिला आणि त्यांचंही हसू गेलं. तू इतकं मन लावून घासलं होतंस की वरचा लाकडाचा पातळ पापुद्राच गेला होता. खाली फिकट, भुसकट फळी. म्हणाल्या, "आता लाकूड रंगवूनच काढावं लागेल."

म्हणजे असं, की आधी फिकट पिवळसर थर द्यायचा. तो वाळला की वर पातळ तपकिरी रंग, आणि तो ओला असतानाच त्यातून एक रबरी फणी ओढायची. लाकडाच्या रेषा उमटतात. गाठी हव्या असतील तर अर्धगोल रबर ओढता ओढता डोलवायचं. सांगायला सोपं आहे. माझ्या पहिल्या फळीवर माशाचे काटे उमटले. दुसरीवर काय उमटलं ते बाईंनाही सांगता येईना. वर्गातल्या बाकीच्या बायका धडधाकट स्टुलांना भेगा पाडत होत्या आणि मधे मी एकटी दात-ओठ खात फणी ओढत होते. बाई म्हणायच्या, "अहो, रागाने ओढलं की रेष थरथरते." मी म्हणायचे, "मग माझ्याच्याने जन्मात व्हायचं नाही."

पण झालं. हात बसला. रंग जुळवायला दारांची आतली बाजू होती. तिथे तू रंगवलं नव्हतंस, फोटोत येत नाही ना ती. पितळी मुठी तू कचऱ्यात टाकल्या होत्यास, त्या भावोजींनी दवाखान्यातून आल्यावर डब्यातून उचलून ठेवल्या होत्या. त्यांच्या काहीही न टाकण्याच्या सवयीला आयुष्यात पहिल्यांदा नावं ठेवली नाहीत.

आता एक दार उरलंय. आई शेजारी खुर्चीवर बसून बघत असते. बाकी लिहायचं आहे, पण हाताला रंग आहे. उद्या बघू.

१७ मार्च, रविवार

उद्या म्हटलं आणि आज लिहायला बसलेय. कामाचं निमित्त होतं. खरं म्हणजे पुढचं लिहायचं नव्हतं.

चिंगी, आई मला ओळखत नाही.

कधीतरी विसरते, तसं नाही. तू रंगवून गेलीस त्याच्या आगेमागेच ते सुरू झालं. कपाटामुळे झालं की व्हायचंच होतं, डॉक्टर सांगत नाहीत. मी मात्र तुझ्या रंगाला दोष देत राहिले. तो समोर दिसत होता आणि खरवडता येत होता.

मी फणी ओढत असताना ती मला बाई म्हणते. रंगकाम करणारी बाई. परवा म्हणाली, "बाई, चहा घ्या, दमलात." मी म्हटलं, बघू तरी, आणि विचारलं, "आजी, तुम्हाला मुलं किती?"

"दोन मुली," म्हणाली. "धाकटी फार मायेची हो. तीच करते माझं सगळं. आंघोळ घालते, नखं कापते, केस विंचरते. हात किती हलका आहे तिचा!"

"आणि मोठी?"

"मोठी तापट. ती येत नाही."

रंग ओला होता. थांबले असते तर डाग पडला असता, म्हणून ओढत राहिले. रेष सरळ आली. बाईंनी पाहिली असती तर शाबासकी दिली असती.

तिची नखं मी कापते, चिंगी. रोज सकाळी आंघोळ मी घालते, पाणी आधी पायावर ओतते, नाहीतर ती घाबरते. तू वर्षातून एकदा येतेस, तिच्या कपाटाचं वाटोळं करून जातेस आणि तिच्या डोक्यात माझे हात तुझे होतात. मी येत नाही! राग कुणावर काढू? तिच्यावर काढता येत नाही. तूच उरतेस.

काल शेवटचं दार झालं, मुठी बसवल्या, कपाट भिंतीला लावलं. मी आणि भावोजी बाजूला उभे राहिलो. आई आली, थांबली. मग दार जरासं वर उचलून उघडलं, तसंच उघडावं लागतं ते. आपला स्वेटर काढून अंगात घातला. भावोजींना म्हणाली, "कुठे नेलं होतं हो माझं कपाट?" पिशवीतले कपडे एकेक करून आत लावले. काल संध्याकाळी ती दाराशी गेली नाही. भावोजी तिकडे तोंड करून डोळे पुसत होते.

मी नाही रडले. मी तिथेच उभी होते, रंगाने बरबटलेली. ती वळून म्हणाली, "छान केलंत हो बाई. आता तुम्ही गेलात तरी चालेल."

कपाटाला कुठला रंग लावला की ते तिला ओळखू येतं, हे मी शिकले. मला कुठला लावायचा, ते कुठल्या वर्गात शिकवतात? विचारून बघ तुझ्या मैत्रिणींना.

आता मुख्य काम. मी तिला दहा वेळा सांगितलं, "आई, मीच मोठी." ती हसते, परक्या माणसाची समजूत घालावी तशी. माझं म्हणणं तिला पटणार नाही. तुझं पटेल. तू तिची मायेची आहेस, तुझ्यावर तिचा विश्वास आहे. हे लिहिताना मला किती जड जातंय, ते तुझं तू समज.

म्हणून ये. सुट्टी मिळत नाही वगैरे सांगू नकोस. माझा राग गेलेला नाही, आल्यावर तुला तो भोगावा लागेल, पण ये. आईच्या खोलीत शिरलीस की आधी तिच्या गळ्यात पडू नकोस. आधी माझ्याकडे बघ आणि मला हाक मार. मोठ्याने मार, तिला ऐकू जाईल अशी.

तुझी,
ताई